निम्मी बदकं मावशींची

पाचवीच्या वर्गाला मराठी शिकवताना वर्षातून एकदा तरी मला बदकापाशी थांबावं लागतं. आमची शाळा उर्दू माध्यमाची. फळ्यावर 'बदक' लिहिलं की मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, "मिस, ये तो बतख है ना? आपने गलत लिखा." मग मी सांगते की बाळांनो, ही दोघं सख्खी भावंडं. अरबीत बत्त, फारसीत बत, तिला लाडाचा 'क' लागला, आणि ती पुढे उर्दूत बतख झाली नि मराठीत बदक. रानबदकाला उर्दूत मुर्गाबी म्हणतात, म्हणजे पाण्यातला पक्षी. एका शब्दात सगळी बदकं गुंडाळली. मराठीनं मात्र एकेकाला नाव दिलंय. थापट्या, अडई, नकटा, तलवार बदक. मला सगळ्यात आवडतं ते हळदी-कुंकू: काळ्या चोचीच्या टोकाला हळद, मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके. उर्दू माध्यमाच्या मुली हे नाव एकदा ऐकल्या की विसरत नाहीत.

त्यानंतर गदिमांचं कुरूप पिल्लाचं गाणं येतंच. एकदा गाणं संपल्यावर एका मुलीनं विचारलं, "मिस, शेवटी वो राजहंस नहीं निकलता तो? बतख ही रहता तो?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. पुढे आमच्याच अंगणात त्या गोष्टीची उलटी बाजू दिसली. तिथे आई कोंबडी होती, पिल्लं बदकाची होती, आणि शेवटपर्यंत कुणीच राजहंस निघालं नाही.

अंडी आली ती गासच्या मावशींकडून. मावशी ख्रिस्ती, सासऱ्यांच्या वेळेपासून आमच्या घरी केळी, अळू, माठ, भेंडी घालत आलेल्या. त्यांच्या वाडीच्या कडेला बावखल आहे. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: बावखल म्हणजे वाडीत खोदलेलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, हळूहळू मुरतं आणि आसपासच्या विहिरी गोड राखतं. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही वसईच्या पश्चिम पट्ट्यात केळी, भाज्या, फुलं पिकली ती या पाण्यावर. पूर्वी विहिरी-बावखलांवर बैलांचे रहाट चालत. (रहाटाला इंग्रज पर्शियन व्हील म्हणत. म्हणजे बदकही फारसी नि त्याच्या तळ्यावरचं चाकही फारसी, असं मी वर्गात सांगते तेव्हा मुलांना भारी वाटतं.) मावशींच्या बावखलात कायम आठ-दहा बदकं असायची. नाताळाला बदकाचं मोयली झालं नाही तर त्यांना सण झाल्यासारखा वाटत नाही.

२०२३ च्या मार्चमध्ये मावशींनी नऊ अंडी आणून दिली. त्यांच्या बदकिणी अंडी घालून मोकळ्या व्हायच्या, बसायला तयार नसायच्या. अंड्यांसाठी पाळल्या जाणाऱ्या जातींत बसण्याची खोडच माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवड करून घालवली आहे. खाकी कॅम्पबेलसारखी बदकीण वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते, पण तिला त्यांचं पुढे काय होतं याच्याशी घेणंदेणं नसतं. आमची तांबडी गावठी कोंबडी मात्र खुडूक होऊन कोपऱ्यातल्या टोपलीत ठाण मांडून होती. मावशी म्हणाल्या, "बाय, कोंबडी तुझी, अंडी माझी. पिल्लं निम्मी निम्मी." हा जुना गावचा हिशेब. शेळी, गाय, कोंबडी अर्धेलीनं देण्याची रीत आमच्या सासूबाईंनाही माहीत होती. त्या म्हणाल्या, "ठीक है, पण जबान दिली म्हणजे दिली."

तिसऱ्या रोज्याला, २६ मार्चच्या रात्री, तरावीहनंतर अंडी कोंबडीखाली सरकवली. रात्री सरकवायची, म्हणजे ती बिथरत नाही. कोंबडीचं अंडं २१ दिवसांत फुटतं, बदकाचं २८. मस्कोव्ही नावाचं लाल चेहऱ्याचं बदक असतं, त्याला ३५ लागतात. कोंबडीला यातलं काही ठाऊक नसतं, हीच आमची काळजी होती. एकविसाव्या दिवशी तिच्या आतल्या घड्याळानं 'झालं' म्हटलं नि ती उठून गेली तर?

शिवाय बदकाच्या अंड्याला ओल जास्त लागते. बदकीण पाण्यातून येते, ओल्या पोटानं बसते. कोंबडी कोरडी. म्हणून मावशींनी सांगितलं होतं की दुसऱ्या आठवड्यानंतर कोंबडी दाण्यापाण्याला उठली की रोज अंड्यांवर कोमट पाण्याचा हलका शिडकावा करायचा. ते काम माझ्या मुलीनं, हलीमानं, अंगावर घेतलं. तेव्हा ती अकरा वर्षांची. सहरीला उठायची, आपला रोजा असो नसो, आणि फजरच्या अजाननंतर कोंबडी बाहेर आली की अंड्यांवर पाणी शिंपडायची. बदकाचं अंडं कोंबडीच्या अंड्याहून मोठं, त्यामुळे तांबडीला ती नीट फिरवता येत नव्हती. अंडं फिरवलं नाही तर आतला जीव कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटून बसतो. म्हणून हलीमा प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं एका बाजूला चंद्र नि दुसऱ्या बाजूला तारा काढून ती पालटायची.

सातव्या रात्री लाईट घालवून अंड्यांना बॅटरी लावली. ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांनी एकदा जरूर पाहावं. हाताच्या मुठीत अंडं धरायचं, खालून उजेड टाकायचा. सात अंड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मधे एक काळा ठिपका. ठिपका हलत होता. दोन अंडी मात्र कंदिलाच्या काचेसारखी नुसती पिवळी, आत काही नाही. ती काढून टाकली. सासूबाईंनी एक अंडं हातात घेऊन बराच वेळ पाहिलं आणि हळूच 'सुब्हानल्लाह' म्हणून खाली ठेवलं.

या विषयावर वाचताना मला एक जुना प्रवासी भेटला. अब्दुल लतीफ अल-बगदादी, बगदादचे हकीम. साधारण १२०० साली ते मिसरला गेले आणि तिथल्या गोष्टी त्यांनी बारकाईनं लिहून ठेवल्या. त्यात अंडी उबवण्याच्या भट्ट्यांचं वर्णन आहे. मिसरचे लोक कोंबड्यांना बसवतच नव्हते. मातीच्या विटांची बुटकी दालनं, त्यात शेणाच्या विस्तवाची मंद ऊब, आणि एकावेळी हजारो अंडी. आत थर्मामीटर नाही, कारण तो निघालाच नव्हता. भट्टीवाला अंडं पापणीला लावून ऊब ओळखायचा. हे कसब काही गावांनी वंशपरंपरेनं जपलं होतं, आणि अठराव्या शतकात रेओमूर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं ते युरोपात करून पाहायला किती खटपट केली! आज आपण ३७.५ अंशांवर काटा लावून ठेवतो ते यंत्र म्हणजे त्या पापणीचीच नक्कल. हलीमाला हे सांगितल्यापासून ती प्रत्येक अंडं पापणीला लावून बघायला लागली.

एकविसावा दिवस १६ एप्रिलला आला. कोंबडी उठली नाही. बाविसावा, तेविसावाही गेला. ती सुकली होती, तुरा फिका पडला होता, दाणे टिपून दहा मिनिटांत परत टोपलीत. रमजानचा शेवटचा आठवडा, बाहेर उकाडा, घरात शिरखुर्म्याच्या सामानाची यादी, आणि कोपऱ्यात ती बसलेली. एक अंडं मधेच गार पडलं होतं, तेही काढावं लागलं. उरली सहा.

ईदच्या संध्याकाळी, २२ एप्रिलला, टोपलीला कान लावला तर आतून टकटक आणि बारीक चीं-चीं ऐकू आली. बदकाचं पिल्लू फुटण्याच्या आदल्या दिवसापासून अंड्यात बोलायला लागतं. आई बाहेरून बोलते, शेजारची अंडी आतून बोलतात, आणि त्या बोलण्यावरून ती साधारण एकदमच बाहेर येतात. आमच्याकडे बाहेरची आई कोंबडीच्या बोलीत कुक्‌-कुक्‌ करत होती. आत बसलेल्यांना त्यातलं काय कळलं, अल्लाह जाणे, पण बासी ईदच्या दुपारपर्यंत पाच पिल्लं बाहेर होती. सहाव्यानं भोक पाडलं होतं आणि तिथेच थांबलं होतं. पिल्लाला भोक पाडल्यावर बाहेर यायला दिवसभरही लागतो. तेवढ्या वेळात ते उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि पापुद्र्यातलं रक्त आटतं. घाई करून कवच सोललं तर रक्तस्राव होऊन मरतं. तांबडी मात्र पाच पिल्लं घेऊन उठून गेली. पाच हाताशी असताना एकासाठी बसायचं नाही, हे तिचं गणित.

हलीमानं ते अंडं बुटाच्या खोक्यात, ओल्या फडक्यावर, साठ वॉटच्या पिवळ्या बल्बखाली ठेवलं आणि शेजारी आडवी झाली. रात्री अडीचला ते बाहेर आलं. ओलं, चिकट, मान न पेलणारं. त्याला पहिल्यांदा दिसली ती हलीमा.

यापुढचं कोनराड लॉरेन्झनी शास्त्रात लिहून ठेवलंय. ऑस्ट्रियाचे हे गृहस्थ हंसांची अंडी उबवत आणि पिल्लं त्यांच्याच मागे रांगेनं चालत. या अभ्यासासाठी त्यांना १९७३ मध्ये दोन सहकाऱ्यांसोबत नोबेल मिळालं. फुटल्यावरच्या पहिल्या काही तासांत जे हलतं-बोलतं दिसेल ते पिल्लाच्या मनावर आईचा शिक्का म्हणून उमटतं. आम्ही ते पिल्लू दुसऱ्या दिवशी कोंबडीत सोडलं. तांबडीनं घेतलंही. दिवसभर ते भावंडांत राहायचं. हलीमा शाळेतून आली की रांग सोडून तिच्या पायात. तिनं त्याचं नाव ठेवलं मुन्नी.

पाचव्या दिवशी परातीत दोन बोटं पाणी घालून, मधे दगड ठेवून पिल्लांसमोर ठेवलं. सहाच्या सहा जणं सरळ आत. तांबडीची जी तारांबळ उडाली! परातीभोवती गरगर फिरते, पंख आपटते, ओरडते, एक पाय पाण्यात घालते नि झटकून मागे घेते. तिच्या लेखी तिची मुलं बुडत होती. तीन-चार दिवस हाच गोंधळ. मग एक दिवस ती परातीच्या काठाला बसली, पिसं फुगवली आणि डोळे अर्धे मिटून घेतले. पिल्लं बाहेर आली की पंखाखाली घ्यायची आणि ओलीच्या ओली घेऊन बसायची. वर्गातल्या त्या मुलीचा प्रश्न मला इथे आठवला.

मावशींची सक्त ताकीद होती की सहा-सात आठवडे बावखलात सोडायचं नाही. बदकाच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची गाठ असते, ते तेल चोचीनं पिसांना लावलं की पाणी आत शिरत नाही. बदकीण आई असेल तर तिच्या पोटाशी घासून पिल्लांना ते आयतं मिळतं. कोंबडीच्या पिल्लांना नाही मिळत. अशी पिल्लं खोल पाण्यात भिजतात, गारठतात आणि बुडतातसुद्धा. बदक बुडतं, हे आमच्या ह्यांना अजूनही पटलेलं नाही.

खाण्यात कणी, कोंडा, बारीक चिरलेला माठ आणि सुकट. सोबत भिजवलेले शेंगदाणे ठेचून, कारण बदकाच्या पिल्लाला नायसिन नावाचं बी गटातलं जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा जास्त लागतं. कमी पडलं तर पाय वाकडे होतात. खाण्याशेजारी चोच बुडेल एवढं खोल पाणी हवंच, नाहीतर कोरडं खाणं घशात अडकतं. आणि घाण! कोंबडी पाळली म्हणून बदक पाळता येईल असं कुणी समजू नये. पाणी दिसलं की ते चिखल करतात आणि चिखल दिसला की त्यात नाचतात. सासूबाईंचा जीव नमाजाच्या कपड्यांत अडकलेला. हनफी लोक चिमणी-कबुतराच्या विष्ठेला तरी सूट देतात, कोंबडी-बदकाला नाही. आम्ही कोकणी पडलो शाफई, आमच्याकडे कुणालाच नाही. त्यांनी ओट्यावर खडूनं रेघ मारली होती. ती हद्द. बदकांनी ती कधी पाळली नाही.

खरा तंटा पाण्याचा होता. नालासोपाऱ्यात राहणाऱ्याला टँकर म्हणजे काय ते सांगायला नको. सूर्या प्रकल्पाचं पाणी आलं तरी शहर त्याहून वेगानं वाढलं. वसईच्या गावांतल्या विहिरींचं पाणी उपसून टँकर भरले जाऊ लागले तेव्हा इथल्या लोकांनी हरित वसईची मोठी चळवळ उभारली, फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्यात पुढे होते. अशा गावात बदकांच्या टबाला रोज दोन बादल्या? आमचे हे म्हणाले, "वाहत्या नदीवरसुद्धा वुजूला पाणी जपून वापरा असा हुकूम आहे, आणि आपण बदकं धुतोय." तोडगा सासूबाईंनीच काढला. पाच वेळच्या वुजूचं पाणी घमेल्यात धरायचं आणि ते टबात. टबातलं घाण पाणी केळीला. त्या वर्षी केळीचा घड उचलायला दोघं लागले.

पावसाच्या तोंडावर एक पिल्लू मुंगसानं नेलं. उरली पाच.

जूनमध्ये बावखलात सोडायला लागलो. गावठी माणूस बदकाचा नर-मादी आवाजावरून ओळखतो. क्वॅक-क्वॅक असा खणखणीत ओरडते ती मादी. नराचा आवाज घोगरा, घसा बसल्यासारखा. पुढे त्याच्या शेपटीवर दोन-तीन पिसं वर वळतात. ऑगस्टपर्यंत निकाल लागला: दोन माद्या, तीन नर. मुन्नी नर निघाला. नाव बदलायला हलीमा तयार नव्हती.

मधे बकरी ईद येऊन गेली. धाकट्यानं विचारलं की बदकाची कुर्बानी चालेल का. चालत नाही, ऊंट, गाय-म्हैस, शेळी-मेंढी एवढ्यांचीच. बदक खायला हलाल आहे, त्यावर कुणाचा वाद नाही. मात्र रानबदकांना आणि त्यांच्या अंड्यांना हात लावायचा नाही, तो कायद्यानं गुन्हा आहे, १९७२ चा वन्यजीव कायदा. मी वर्गात कायद्याबरोबर ती हदीसही सांगते. प्रवासात काही सहाबींनी एका छोट्या पक्षिणीची पिल्लं उचलली, ती वर घिरट्या घालू लागली, तेव्हा रसूलुल्लाह (सल्ल.) यांनी विचारलं की हिला हिच्या पिल्लांवरून कुणी दुखावलं, आणि ती परत ठेवायला लावली.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मावशी वाटा घ्यायला आल्या. पाचातली निम्मी कशी करायची? त्या म्हणाल्या, "तुम्ही वाढवली. तीन तुमची, दोन माझी." अंडी ज्याची, निवड त्याची पहिली. त्यांनी अंगणात नजर फिरवली आणि दोन दांडगे नर दाखवले. त्यातला सगळ्यात भरलेला मुन्नी होता. शेंगदाण्यांवर वाढलेला.

हलीमा काही बोलली नाही. रात्री अब्बांजवळ गेली आणि विचारलं की मावशींना मुन्नीचे पैसे दिले तर चालेल का. हे म्हणाले, "मला काय विचारतेस. जबान मावशींना दिली आहे. त्यांनी सोडवलं तर सुटलं." दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर ती एकटी चालत गासला गेली, ईदीचे चारशे रुपये घेऊन. काय बोलणं झालं ते मला मावशींकडून कळलं. मावशींनी विचारलं, "पैसे शिजवू का मी?" मग बऱ्याच वेळानं म्हणाल्या की मुन्नी राहू दे, पण दोन तर मला हवीतच. दुसरा एक नर आणि एक मादी दे. दोन नर आणि एक मादी तुझ्याकडे. चालेल? हलीमानं हो म्हटलं. मादी नुकतीच अंडी घालू लागली होती.

नाताळाच्या आदल्या दिवशी मावशींनी ह्यांना बोलावलं. बदकं ह्यांनी बिस्मिल्लाह म्हणून जिबह करावीत, म्हणजे आमच्या घरालाही ताटावर बसता येईल. मावशी हे न सांगता करतात, आधीपासून. सुरी पक्ष्यासमोर परजायची नाही, एकासमोर दुसऱ्याला कापायचं नाही. हे दोन्ही नेम ह्यांनी पाळले आणि मावशींनी दुसऱ्या बदकाला मुद्दाम घरामागे नेऊन धरलं. आमच्यासाठी वेगळ्या टोपात मोयली केलं, सिरक्याऐवजी चिंचेचा कोळ घालून. सिरका आम्हाला चालतो, तो तर सुन्नत मानला जातो. पण ताडीपासून केलेल्यावर घरात नसता वाद नको, एवढं त्यांना वर्षानुवर्षांच्या शेजारानं कळतं. बाटली मसाल्याचा वास अंगणभर. आम्ही जेवलो. हलीमा आली, सगळ्यांना मेरी ख्रिसमस केलं, कलकल आणि केक खाल्ला, मटण-बदकाला हात लावला नाही. कुणी आग्रह केला नाही.

पण हिशेब तिथे मिटला नव्हता. एका नराला चार-पाच माद्या लागतात. इथे दोन नर आणि एक मादी. जानेवारीत त्या बिचारीच्या मानेवरची पिसं गेली, मग कातडी सोलली. दोघं तिला पाण्यात दाबून धरायचे. तेव्हा टब अर्धा रिकामा करावा लागला. हलीमा रोज हळद लावायची आणि रोज नवी जखम असायची. मुन्नी काही दुष्ट नव्हता. तिच्या मांडीवर येऊन बसणारा तोच, आणि मादीची मान धरणाराही तोच. कुणाला वाचवलं आणि त्याचं मोल कोण भरतंय, हे तिनं रोज डोळ्यांनी पाहिलं. एका रविवारी तिनंच ते बोलून दाखवलं आणि मुन्नीला पिशवीत घालून मावशींच्या बावखलात सोडून आली. तिथे आठ माद्या होत्या. फेब्रुवारीत आमच्या मादीची मान भरून आली.

मुन्नी तिकडे रमला. हलीमा काठावर उभी राहून हाक मारते तेव्हा मधूनच येतो, मधूनच येत नाही.

आता अडचण बावखलाची आहे. मावशींचे दोन्ही मुलगे अंधेरीकडे नोकरीला, वाडी कसायला कुणी नाही. शेजारच्या प्लॉटवर इमारत उभी राहतेय आणि गेल्या पावसाळ्यानंतर रात्री-अपरात्री डंपर येऊन बावखलाच्या एका टोकाला राडारोडा टाकून जातात. कोण टाकतं ते कुणी पाहिलेलं नसतं. मावशींनी दोनदा अर्ज दिला. २०१८ च्या जुलैत आमच्याकडे पाच दिवस पाणी तुंबलं होतं, स्थानकात रुळ बुडाले, गाड्या बंद, मिठागरातली कुटुंबं अडकून पडली. त्या आठवड्यात मावशींची वाडी मात्र दुसऱ्या दिवशी मोकळी झाली होती, कारण पाण्याला जायला जागा होती. एक बावखल बुजवलं की एक विहीर मचूळ होते नि चार घरांत पाणी शिरतं. हे सांगायला इंजिनीअर लागत नाही, मावशी पुरेशा आहेत.

जाणाऱ्यायेणाऱ्यांचा दुसरा धोशा बर्ड फ्लूचा. २०२२ च्या फेब्रुवारीत शहापूरकडे आणि मग आमच्या वसई-विरार भागातही कोंबड्यांत तो सापडला होता. साथ सापडली की भोवतालच्या एक किलोमीटरमधले पाळीव पक्षी नष्ट करतात. रानबदकं स्वतः आजारी न पडता हा विषाणू वाहून आणू शकतात, त्यामुळे उघड्या तळ्यावरची बदकं आधी नजरेत येतात. काळजी घ्यायलाच हवी: पक्ष्यांना हात लावल्यावर साबण, एकदम दोन-चार मेले तर लपवू नये, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं. पण त्या साथीचं नाव पुढे करून 'तळं बुजवा, रोगराई जाईल' म्हणणारे जे शेजारी आहेत, त्यांची नजर बदकांवर नसून जागेवर आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

बावखल निम्मं उरलंय. मावशींकडे मुन्नी धरून चारच बदकं राहिली, बाकीची त्यांनी देऊन टाकली. अंडी घालणारी एकच, तीही म्हातारी. आमची मादी मात्र रोज पहाटे, अजानच्या आधी, टोपलीत एक अंडं ठेवते. बदकाची जात अंडं बहुतेक उजाडायच्या आतच घालते. परवा मावशी माठाची जुडी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बाय, या वेळेस कोंबडी माझी बसलीय. अंडी तुझी दे. निम्मी निम्मी." सासूबाई आतूनच म्हणाल्या, "जबान?" मावशी म्हणाल्या, "जबान."

हलीमानं मधे पडून एक अट घातली आहे. निवड आधीच व्हायला हवी, पिल्लं असताना, डोळे मिटून. नर की मादी ते कुणालाच कळणार नाही अशा वयात. मावशींनी यावर विचार करायला दोन दिवस मागितले आहेत. स्वयंपाकघराच्या फळीवर सध्या सहा अंडी आहेत, टोकाला पेन्सिलीनं तारखा घातलेली. सहावं आज पहाटेचं.